अपंगत्वाचा टक्का म्हणजे सटवाईचा लेख नव्हे

सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर जे लिहून जाते ते मग कोणालाच पुसता येत नाही, असे आपली म्हातारी माणसे सांगत आली. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्क्याकडेही मोहाडी तालुक्यातला माणूस याच नजरेने पाहतो. भंडाऱ्याहून परत आल्यावर चौकात कोणी विचारले, तर "पस्तीस देल्ले जी, नशिबातच नाई तं का करता?" असे म्हणतो. कागद प्लॅस्टिकच्या थैलीत घालतो, थैली खुंटीला लावतो आणि त्याच्या लेखी विषय संपतो.

वास्तविक पाहता विषय तिथे संपत नाही आणि संपू देऊही नये. तो टक्का माणसाने लिहिलेला आहे, मोजमाप करून लिहिलेला आहे. मोजणारा कितीही जाणकार असला तरी मोजण्यात चूक होऊ शकते. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त होते, मोजणीतली हद्द पुन्हा मोजता येते, मग शरीराच्या मोजणीलाच फेरतपासणी का नसावी? ती आहे, आणि कायद्यातच आहे. मात्र ती आहे हे गावात फारसे कोणाला माहीत नाही आणि दवाखान्याच्या भिंतीवरही ते ठळकपणे लिहिलेले क्वचितच सापडते.

एका टक्क्याची किंमत

सरकारी भाषेत आता 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणतात. शब्द बदलला, पण ४० टक्क्यांची रेघ जुनीच आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातही तीच होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. मात्र बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट कायम राहिली.

या रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे काय आहे ते पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० साली सुरू झाली. तिच्यात दिव्यांगांना मिळणारे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. म्हणजे वर्षाचे ३०,००० रुपये. आपल्या धानाच्या हिशेबात सांगायचे तर, २०२५-२६ च्या २,३६९ रुपये क्विंटल या साधारण धानाच्या हमीभावाने हे सुमारे साडेबारा क्विंटल धान झाले. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते ती वेगळीच. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी लागते, त्यातला वाटाही आहे.

ज्याला ४० मिळाले तो या सगळ्याच्या आत आला आणि ज्याला ३९ मिळाले तो बाहेर राहिला. दोघांच्या दुखण्यात कदाचित काहीच फरक नसेल. एक-दीड एकराच्या धानपट्टीवर आणि हंगामी मजुरीवर चालणाऱ्या घरात वर्षाला साडेबारा क्विंटल धान म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच हा टक्का कसा काढला हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तोलाईच्या वेळी काट्याकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

"काम करता काय?" "हो जी."

तपासणीचा दिवस कसा जातो ते ज्याने पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. करडी-मुंढरीकडच्या माणसाला वैनगंगा ओलांडून भंडारा गाठायचे म्हणजे सकाळची गाडी धरावी लागते. आंधळगाव, कांद्री, जांबकडच्या माणसाचेही तेच. सोबत एक धडधाकट माणूस लागतो, त्याची रोजी बुडते. रोवणीच्या दिवसांत तर सोबतीला माणूसच मिळत नाही. रांग मोठी, बसायला जागा थोडी. कोणाचा आधार कार्डावरचा पत्ता जुळत नाही, कोणाचा फोटो चालत नाही, कोणाला एक्स-रे घेऊन पुन्हा यायला सांगतात. एवढे सगळे झाल्यावर डॉक्टरांसमोरची वेळ येते, आणि ती काही मिनिटांत संपते. ज्या पायाने दहा वर्षे त्रास दिला त्या पायाबद्दल बोलायला मिळतात ती एवढीच मिनिटे.

आणि इथेच आपल्या माणसाचा घात होतो. शेतकऱ्याला दुखणे लपवायची सवय असते. बाजारात लंगडा बैल कोणी घेत नाही, हे त्याला ठाऊक आहे. मजुरीच्या टोळीत, मुलीच्या सोयरिकीत, सोसायटीच्या कर्जाला, सगळीकडे त्याला धडधाकट दिसावे लागते. आयुष्यभर अंगवळणी पडलेली ही सवय तो दवाखान्याच्या दाराशी काढून ठेवू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, "चालून दाखवा." तो दात-ओठ खाऊन सरळ चालून दाखवतो. डॉक्टर विचारतात, "काम करता काय?" तो अदबीने म्हणतो, "हो जी, करतो." काम म्हणजे धुऱ्यावर बसून ढोरे राखणे, हे तो सांगत नाही आणि समोरूनही कोणी विचारत नाही. चिखलात उतरता येत नाही, पऱ्ह्याची जुडी उचलली की हात सुटतो, शौचाला बसले तर धरून उठवावे लागते, रात्री कूस बदलता येत नाही, हे सगळे सांगायचे राहून जाते.

बाईमाणूस तर त्याहूनही कमी बोलते. तिच्या वतीने सासरा किंवा नवराच उत्तर देतो. रोवणी आणि निंदण हीच तिची मजुरी. वाकता येत नसेल तर तिचे उत्पन्नच बंद होते, पण "घरचं काम होते ना?" असे विचारले की ती मान डोलावते. मनाच्या आजाराचा रुग्ण त्या दिवशी शांत असला की "बराच दिसतो" असे पाहणाऱ्याला वाटते. ज्याला माणसांच्या गर्दीचीच भीती वाटते, तो कधीकधी नंबर लागण्याआधीच दवाखान्यातून निघून येतो.

डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. सांध्याची हालचाल किती, स्नायूंत ताकद किती, हे त्यांना ठरलेल्या पद्धतीने मोजावे लागते. परंतु ज्याने उत्तरे दिली त्याला आपण कशाची उत्तरे देतो आहोत हेच माहीत नसेल, तर मोजमाप अपुरे राहते. त्याचा भुर्दंड मात्र एकाच बाजूला बसतो.

हिशेब समजून घेतला पाहिजे

टक्का अंदाजाने लिहीत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. २०१६ च्या कायद्यानंतर त्या ४ जानेवारी २०१८ रोजी निघाल्या आणि मार्च २०२४ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट एका डोळ्याची. धान मळताना कुसळ किंवा तूस डोळ्यात जाते, चार दिवस दुर्लक्ष होते, बुबुळावर फूल पडते आणि डोळा जातो. धानपट्ट्यात असे होते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर २०१८ च्या सूचनांप्रमाणे अपंगत्व ३० टक्के धरले जाते. म्हणजे केवळ तेवढ्यावर ४० होत नाहीत. इथे डॉक्टरांनी अन्याय केलेला नसतो, नियमच तसा आहे. अशा माणसाने अपिलात पैसा आणि दिवस घालवण्याआधी हे समजून घ्यावे.

परंतु याच माणसाचा एक पायही अधू असेल तर? समजा पायाचे अपंगत्वही ३० टक्के ठरले. एकापेक्षा जास्त अपंगत्वे असतील तर ती एकत्र धरण्याचे सूत्र आहे. मोठा टक्का घ्यायचा, तो ९० मधून वजा करायचा, उरलेल्या आकड्याला लहान टक्क्याने गुणायचे, ९० ने भागायचे आणि जे येईल ते मोठ्या टक्क्यात मिळवायचे. इथे ९० वजा ३० म्हणजे ६०. साठ गुणिले ३० म्हणजे १,८००. भागिले ९० म्हणजे २०. तीस अधिक वीस, एकूण ५० टक्के. दोन्ही व्यंगे वेगवेगळी पाहिली तर माणूस रेघेबाहेर, एकत्र पाहिली तर रेघेच्या चांगला आत. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा पाहिला, हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवायचा राहिला किंवा अर्जात एकच व्यंग लिहिले, तर हा हिशेब होणारच नाही. घरी जाऊन आपला कागद या दृष्टीने एकदा वाचावा. त्यात आपली सगळी व्यंगे आली आहेत काय?

दुसरी गोष्ट सिकलसेलची. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत, हा आजार घराघरांना ठाऊक आहे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले. मात्र यात दोन प्रकारची माणसे असतात. 'एएस' म्हणजे नुसता वाहक. त्याला सहसा त्रास नसतो आणि त्याला अपंगत्व धरत नाहीत. 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. त्याला मधूनमधून सांधे, हाडे, पोट यांच्या असह्य कळा येतात, रक्त चढवावे लागते, भरती व्हावे लागते. अडचण अशी की तपासणीच्या दिवशी बहुधा कळा नसतात. पोरगा सरळ चालत आत जातो आणि सरळ चालत बाहेर येतो. अशा आजारात त्या दिवशीच्या शरीरापेक्षा मागचे कागद जास्त बोलतात: किती वेळा रक्त दिले, किती वेळा भरती केले, कोणत्या तारखांना. आपण काय करतो, तर सुटी झाली की कार्ड चुलीमागे टाकून देतो. ते कार्ड म्हणजेच पुरावा. बियाण्याची पावती आपण जपतो, तशीच डिस्चार्ज कार्डे आणि रक्त चढवल्याच्या नोंदी वर्षानुवर्षे जपल्या पाहिजेत.

कायदा काय सांगतो

२०१६ च्या कायद्यातील कलम ५८ प्रमाणपत्र देण्याबद्दल आहे. त्याच्या लगेच पुढचे कलम ५९ अपिलाबद्दल. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाने ज्याचे समाधान झाले नाही, त्याला राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे ठरलेल्या मुदतीत दाद मागता येते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ही कोणाची मेहरबानी नाही, संसदेने दिलेला हक्क आहे.

त्याखालील २०१७ च्या नियमांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. प्रमाणपत्र नाकारले तर कारणे लेखी कळवली पाहिजेत. त्यासाठी आधी एक महिन्याची मुदत होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची झाली.

पण इथे एक मेख आहे. ज्याला ३० किंवा ३५ टक्क्यांचा कागद मिळतो, त्याचा अर्ज सरकारदरबारी 'नाकारला' असे धरले जात नाही. त्याला प्रमाणपत्र 'दिलेले' असते. सुधारित नियमांप्रमाणे ४० पेक्षा कमी टक्क्यांना पांढरे कार्ड मिळते, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे आणि ८० व त्यापुढे निळे. पांढरे कार्डवाल्याच्या हातात कार्ड पडते, म्हणून कारण देण्याचा प्रश्नच कोणी काढत नाही. प्रत्यक्षात अनुदानाचे दार मात्र बंद झालेले असते. नाव मंजुरीचे आणि परिणाम नामंजुरीचा, असा हा प्रकार आहे. आपले म्हणणे असे की, कलम ५९ मध्ये 'निर्णय' हा शब्द आहे आणि टक्का ठरवणे हाही निर्णयच आहे. कमी टक्क्याविरुद्धही दाद मागता आली पाहिजे आणि तो टक्का कसा काढला याचा हिशेब अर्जदाराला मिळाला पाहिजे.

नुसता आकडा लिहून मोकळे होता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. तो खटला महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याचा होता. तिथे उलटे झाले होते. बोलण्यात दोष असलेल्या या मुलाचे अपंगत्व ४० टक्क्यांहून जास्त भरले, म्हणून त्याला एमबीबीएसला अपात्र ठरवण्यात आले. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने म्हटले की, केवळ टक्क्याच्या आकड्यावरून माणसाला बाहेर काढता येणार नाही; हा विद्यार्थी अभ्यासक्रम करू शकतो की नाही, हे मंडळाने पाहून कारणांसह लिहिले पाहिजे; आणि अपिलाची व्यवस्था होईपर्यंत अशा निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येईल. खटला शिक्षणाचा असला तरी त्यातला धडा सर्वांना लागू आहे. मंडळाने आकड्यामागचे कारण द्यावे.

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही हाच झगडा आहे. तिथे २०१३ पासून अपंगांसाठी एक नवा भत्ता आला. त्यात तपासणारा माणूस प्रश्न विचारून गुण देतो आणि गुण कमी पडले की भत्ता नाही. तिथेही लोक तपासणीच्या नुसत्या धसक्याने आजारी पडल्याच्या तक्रारी झाल्या. परंतु तिथे नकाराच्या पत्रातच दाद कशी मागायची ते लिहिलेले असते. आधी त्याच खात्याकडे फेरविचार मागायचा, मग न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचा जाणकार अशा तिघांच्या न्यायाधिकरणापुढे जायचे. तिथवर पोहोचलेल्या प्रकरणांत निम्म्याहून जास्त निकाल वर्षानुवर्षे अर्जदाराच्या बाजूने लागत आले आहेत. याचा अर्थ पहिली तपासणी करणारे सगळे लबाड होते असा नाही. पहिल्या घाईच्या तपासणीत जे सुटते ते दुसऱ्या शांत तपासणीत सापडते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी बाजू

या विषयाला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. खोटी प्रमाणपत्रे निघतात. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर वाद झाला आणि त्यानंतर राज्यातही सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या फेरपडताळणीचे आदेश निघाले. दवाखान्याच्या आवारात "चाळीस करून देतो" म्हणणारे दलाल फिरत असतील तर तेही आपल्यातूनच गेलेले असतात. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ते योग्यच आहे.

डॉक्टरांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. एका दिवसात एवढी माणसे, वरून पुढाऱ्यांचे फोन, खालून दलालांचा त्रास. जास्त लिहिले तर चौकशी, कमी लिहिले तर आरडाओरड. अशा वेळी डॉक्टर हात आखडता घेतात. नेमक्या याच कारणासाठी अपिलाची वाट मोकळी पाहिजे. ती मोकळी असली म्हणजे पहिल्या डॉक्टरावरचाही ताण कमी होतो, पुढाऱ्याच्या चिठ्ठीचे आणि दलालाच्या पाकिटाचे महत्त्व उतरते. सरळ रस्ता बंद असला की माणूस धुऱ्याधुऱ्याने जातो, हे आपण शेतात रोज पाहतो. खोट्या माणसाला पकडण्यासाठी खऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावणे हा न्याय नव्हे.

मग करायचे काय?

आधी दोन नकारांतला फरक ओळखावा. टक्का कमी पडला तर तो दवाखान्याचा निर्णय. टक्का पुरेसा असूनही उत्पन्नाचा दाखला, रहिवास किंवा वयाच्या कारणाने अनुदान अडले तर तो तहसीलचा निर्णय. दवाखान्याच्या कागदासाठी तहसीलदारांशी भांडून उपयोग नाही आणि तहसीलच्या कारणासाठी डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन उपयोग नाही. तहसीलचा नकारही लेखी मागावा आणि समाधान झाले नाही तर उपविभागीय अधिकारी व जिल्हाधिकारी यांच्याकडे तक्रार-अर्ज द्यावा.

टक्क्याची बाब असेल तर कागद हाती पडताच, त्याच आठवड्यात, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधा अर्ज लिहावा. त्यात तीन गोष्टी मागाव्यात: माझा टक्का कसा काढला त्याच्या नोंदींची प्रत, कलम ५९ प्रमाणे अपील कोणाकडे करायचे त्याचे नाव-पत्ता, आणि अपिलाची मुदत. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यावी आणि तिच्यावर शिक्का, सही व तारखेसह पोच घ्यावी. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला सरकारदरबारी किंमत नाही. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे तिकीट लावून हीच माहिती मागता येते. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला शुल्क लागत नाही.

अपिलाच्या अर्जात "मी गरीब आहे, दया करा" असे लिहू नये. काय तपासायचे राहिले ते लिहावे. "माझा डावा डोळा अधू आहे, तो पाहिला नाही." "मला मागच्या दोन वर्षांत इतक्या वेळा रक्त चढवले, त्याचे कागद जोडले आहेत." "मी आधाराशिवाय जिना चढू शकत नाही." एकेका ओळीत एकेक गोष्ट. रोजच्या दिवसात काय जमत नाही याची यादी घरच्या माणसाने आधी चार दिवस बसून करावी, कारण आजारी माणसाला स्वतःची अडचण अडचण वाटेनाशी झालेली असते. फेरतपासणीला जाताना ही यादी सोबत ठेवावी. आणि "काम करता काय?" असे विचारले तर "हो जी" म्हणून थांबू नये. कोणते काम, किती वेळ, कोणाच्या मदतीने आणि दुसऱ्या दिवशी अंगाचे काय होते, ते सगळे सांगावे. वाढवूनही सांगू नये आणि लपवूनही सांगू नये.

वकिलाची भीती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. हक्क डावलल्याच्या तक्रारी पाहणे हे त्यांचे कायद्याने ठरवलेले काम आहे. सगळे मार्ग संपले तर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. पण तिथवर जायची वेळ गरीब माणसावर येऊ नये, यासाठीच खालच्या पायरीवर सोय हवी.

गावाने आणि शासनाने

गावपातळीवर एक साधे काम करता येईल. मंजूर लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत असते, तहसीलमध्ये असते. ज्यांना कमी टक्का मिळाला, ज्यांचा कागद परत आला, जे रांगेतून परत आले, अशांची यादी कोठे असते? ती ठेवण्याचा नियमच नाही, म्हणून सरकारच्या लेखी ती माणसे नसतातच. ग्रामसेवकाने, आता नव्या नावाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, अशी एक वही ठेवावी. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना घरे माहीत असतात, त्यांच्याकडून नावे घ्यावीत. ग्रामसभेत ५ टक्के निधीचा हिशेब वाचला जातो तेव्हा या वहीवरही चर्चा व्हावी. दहा माणसांचे अर्ज एकत्र गेले, सोबत सरपंचांचे पत्र गेले, तर त्याला एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा वजन येते.

शासनाने करायच्या गोष्टीही फार खर्चाच्या नाहीत. प्रमाणपत्रासोबत हिशेबाचा एक कागद मराठीत द्यावा: कोणत्या अवयवाचा किती, सूत्राने एकूण किती. त्याच कागदाच्या खाली अपील कोठे, किती दिवसांत, एवढ्या दोन ओळी छापाव्यात. दवाखान्याच्या भिंतीवर त्याच ओळी रंगवाव्यात. फेरतपासणीचे शिबिर वर्षातून दोनदा तालुक्याच्या ठिकाणी घ्यावे आणि पहिल्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांऐवजी दुसरे डॉक्टर तिथे बसवावेत. रोवणी आणि कापणीचे दिवस त्यासाठी टाळावेत. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात अपंगत्वविषयक जिल्हास्तरीय समिती सांगितली आहे. तिच्या बैठकीत किती अपिले आली आणि किती निकाली निघाली हे दर वेळी मांडले जावे. लोकप्रतिनिधींनी शिबिरात तीनचाकी सायकली वाटतानाचे फोटो काढावेत, त्याला हरकत नाही. पण ज्यांना सायकलीच्या यादीत नावच लागले नाही, त्यांच्या कागदाचीही एकदा चौकशी करावी.

फेरतपासणीत प्रत्येकाचा टक्का वाढेल असे नाही. काहींचा तेवढाच राहील, एखाद्याचा कमीही होईल. ते मान्य करायची तयारी आपणही ठेवली पाहिजे. धानाच्या काट्यावर कट्टा कमी भरला तर शेतकरी घरी जातो, पण काटा पाहून जातो. अपंग माणसालाही त्याचा काटा पाहू द्या. टक्का कमी असेल तर कमी. तो का कमी, हे त्याला त्याच्या भाषेत, लेखी, सांगितले गेलेच पाहिजे. तोपर्यंत खुंटीला लावलेली ती थैली खाली काढावी, त्यातला कागद पुन्हा वाचावा आणि अर्ज लिहायला बसावे.